कल्हई काय जन्माची असते?

एका गावात एक कल्हईवाला होता. हात मोठा गुणी. त्याने कल्हई केलेल्या पातेल्यात पाहून बायका कुंकू लावत, इतकं लख्ख तोंड दिसे. पण बुवाला दारू लागली आणि तेच हात थरथरू लागले. एकदा नशेत त्याने घरच्याच पातेल्याला अर्धवट कल्हई केली. त्यात केलेली आंबट कढी उघड्या पितळेला लागून कळकली. ती खाऊन त्याची लेक आजारी पडली आणि मरता मरता वाचली.

बायकोने लेकीला कुशीत घेतलं आणि नवऱ्याला घराबाहेर काढलं. तेव्हा मात्र तो मुळापासून हादरला. देवळात गेला, बेलभंडारा उचलला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "आता जन्मात दारूला शिवणार नाही!" गाव खूश झालं. शपथ ऐकायला गावाला आवडतेच, निभवायची दुसऱ्याने असते ना! बायकोने त्याला घरात घेतलं.

बरेच महिने चांगले गेले. कल्हईची भट्टी पेटती राहिली, अंगावर मूठभर मांस चढलं. मग शेजारगावच्या एका लग्नात जुने सोबती भेटले. "एकच घोट, आमच्या शब्दाखातर," म्हणाले. बिचारा तिथेच घसरला.

सकाळी डोकं ठणकत होतं आणि मनात एकच विचार होता, 'शपथ तर मोडलीच. आता घोट काय नि घागर काय!' खरं सांगू? आदल्या दिवशीच्या दारूपेक्षा हा विचार जास्त विषारी होता. बायकोला तोंड कसं दाखवणार? त्याने परमुलखाची वाट धरली.

वाटेत त्याच्याच गावची एक म्हातारी भेटली. काखेत पितळेचं पातेलं होतं.

"बरा भेटलास रे बाबा. तुझ्याकडेच यायचं होतं. बघ, कल्हई गेली."

"जायचीच, आजी. रोजच्या वापरातलं भांडं ते."

"मागे तूच केली होतीस. टिकत नसेल तर भांडंच वाईट म्हणायचं. मोडीत देऊन टाकू का?"

कारागीरच तो, त्याला राहवेना. "मोडीत कशाला? पितळ अस्सल आहे! घासायचं, तापवायचं, पुन्हा कथील फिरवायचं. कल्हई काय जन्माची असते?"

बोलला आणि मटकन खालीच बसला.

"काय रे, चक्कर आली का?" म्हातारी घाबरली.

"नाही आजी. पातेलं उद्या आणा. आज मला आधी घरी जायचंय."

गावात शिरताच पारावरच्या लोकांना वास आला. "जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही," एक जण मुद्दाम मोठ्याने म्हणाला. ही म्हण ज्याने काढली, त्याने खोड तेवढी पाहिली असावी, जिता माणूस पाहिला नसावा. कल्हईवाल्याला लाज वाटली, रडू आलं, पण पाय घराकडेच चालत राहिले.

बायको दारात उभी होती.

"काल प्यालो," तो म्हणाला. "पळून जाणार होतो. नाही गेलो. आज प्यायलेलो नाही. उद्या ओढ लागली तर आधी तुला सांगेन."

बायकोच्या डोळ्यांत राग होता, पाणीही होतं. "पुन्हा शपथ घ्याल आता!"

"नाही घेणार. तेवढं बळ माझ्यात नाही."

ती दारातून बाजूला झाली आणि म्हणाली, "तुम्ही शपथ घेतलीत ना, त्या दिवसापासून, मोडली तर लपवाल या धास्तीने मला धड झोप नाही. आज झोपेन."

तात्पर्य काय, तर सावरणं एकदाच करून भागत नाही. पडलेल्याने लाज गिळून पुन्हा उठावं, आणि आपल्या माणसांनी त्याला खरं बोलायला जागा ठेवावी.