तांडेलानं धरलेलं दार

"पण बाबा, दोर कोण बांधणार?"

इदरीसबाबा चुलीपुढे बसून तांदूळ निवडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"छपराला दोर कोण बांधणार, इचारतोय मी! घरात म्हातारी आये, दोन पोरं नि मथुरा. मथुरेला गायसुद्धा धड बांधता येत नाय. दुपारपर्यंत सुटून दुसऱ्याच्या परसात."

बाहेर वाऱ्यानं एक हिसका दिला. दार थडथडलं. वरची कडी मघाशीच तुटून पडली होती. हरेश्वर उठला आणि दाराला खांदा लावून उभा राहिला.

"तुम्ही बसा. दार मी धरतो."

"बरं," बाबा म्हणाले.

हरेश्वर कातळबंदरचा तांडेल. बोट त्याच्या शब्दावर निघायची आणि त्याच्या शब्दावर परतायची. अकरा वर्षं दर गुरुवारी तो खाडी ओलांडून समोरच्या टेकडीवरच्या दर्ग्यात येई, फकीर इदरीसबाबांच्या पायाशी बसे आणि विचारी, माणसाचा गर्व कसा जातो? आणि दर गुरुवारी थोडा जास्त गर्व घेऊन घरी जाई. एवढा मोठा फकीर आपला गुरू, याचा.

या गुरुवारी बंदरात धोक्याचा बावटा चढला होता. भोंगा घसा फोडून सांगत होता, घरं आवळा, शाळेत चला. लोकांनी भोंग्याचं ऐकलं आणि मग हरेश्वराच्या तोंडाकडे बघितलं. त्यानं नाक वर करून वारा हुंगला.

"गुजरातला जाईल," त्यानं निकाल दिला. "दरवर्षी तिकडंच जातं."

आणि आपली लहान होडी वल्हवत तो दर्ग्याकडे निघून आला.

वादळाला यंदा गुजरात पसंत पडलं नाही. हरेश्वर टेकडी चढून वर पोचतो न पोचतो तोच खाडी उसळायला लागली. खाली बांधलेली होडी त्याच्या डोळ्यांदेखत फळीफळीनं सुटी झाली. मोबाइलचा टॉवर आडवा झाला. आता दर्ग्यामागच्या या एका खोलीत दोन माणसं होती, आणि खाडीपलीकडे हरेश्वराचं सगळं होतं.

"वादळ येणार नाही, असं तूच सांगून आलास ना?" बाबांनी विचारलं.

"हां."

"मग ते कशाला बांधतील दोर?"

हरेश्वरानं दार आणखी जोरात रेटलं.

"बांधायचा म्हटला तरी..." तो म्हणाला.

"काय?"

त्यानं एका खांद्यानं दार तसंच दाबून धरलं, दुसऱ्या हातानं कमरेचा करगोटा चाचपला आणि एक किल्ली बाहेर काढली.

"कसली?"

"खोपीच्या कुलपाची. चांगला दोर सगळा मी कुलपात ठेवतो, बाबा. बाहेर ठेवला की मथुरा त्याच्यावर कपडे वाळत घालते."

बाबांनी एक खडा चिमटीत धरून बाजूला टाकला.

"हसा तुम्ही! उद्या ती माणसं छपराखाली सापडली, तर ही किल्ली घेऊन मी काय करू? कुठल्या तोंडानं घर म्हणू त्याला?"

त्यानं तोंड दाराकडे फिरवलं.

बाबा हसत नव्हते.

"मी पोहून जातो," हरेश्वर म्हणाला.

"जा."

हरेश्वर हलला नाही.

"काय झालं?"

"दार कोण धरंल? तुम्ही ऐंशीच्या घरातले. एका तडाख्यात उडून जाल." तो दातओठ खाऊन बोलत होता. "घरी जावं तर तुम्ही मरता. इथं राहावं तर ती मरतात. देवानं मला एकट्याला दोन तरी करायचं होतं."

"एकानंच त्याचं काम इतकं वाढलंय," बाबा म्हणाले आणि आधणात तांदूळ सोडले.

...

दुपार झाली असावी. उजेडावरून काही कळत नव्हतं. मागच्या फणसाची फांदी मोडून पडली, मग आख्खा फणस. छपराची तीन कौलं गेली आणि चुलीच्या बाजूला धार लागली. बाबांनी तिथे पातेलं ठेवलं.

हरेश्वर दाराला भिडून उभा होता. खांदा सोलवटला होता. पण मान ताठ होती. तेवीस वर्षं दर्यावर काढलेला माणूस, वाऱ्यापुढे वाकतो की काय! मधूनच तो घरच्यांची नावं पुटपुटे. आये, मथुरा, बारकी, नाना. मग पुन्हा जोर लावी. जणू खाडीपलीकडचं दारही तोच धरून होता.

"भात झाला," बाबा म्हणाले. "ये."

"येऊ कसा?"

"सोड दार नि ये."

"बाबा, येड लागलं का तुम्हाला? कडी तुटलीय."

"सोड रे."

"मी सोडलं तर खोली जाईल! मग म्हणू नका."

"नाही म्हणणार. सोड."

गुरूची आज्ञा. हरेश्वरानं डोळे मिटले आणि खांदा काढला.

दार थडथडलं. खडखडलं. आणि जागच्या जागी राहिलं.

हरेश्वरानं एक डोळा उघडला. मग दुसरा.

बाबांनी हातातल्या डावानं खाली दाखवलं. दाराच्या बुडाशी, तांदळाच्या पोत्याआड, हाताएवढा जाड शिसवी अडसर भिंतीतल्या भोकात रुतून बसलेला होता.

"हा... हा कधी घातलात?"

"सकाळी. भोंगा ऐकला तेव्हाच. तू आत आल्यावर परत सरकवला."

"नि मी इतका वेळ..."

"हो."

"सांगितलं का नाय?"

"तुला बरं वाटत होतं," बाबा म्हणाले. त्यांनी भात वाढला.

हरेश्वर ताटापुढे बसला. त्याला राग आला होता, आणि कोणाचा ते कळत नव्हतं. भाताला त्यानं हात लावला नाही. खांदा मात्र आता भलताच दुखायला लागला.

...

मग वारा थांबला.

एकदम थांबला. पातेल्यात पडणारं पाणी ऐकू यायला लागलं.

"खोटी उसंत," हरेश्वर उठत म्हणाला. "वादळाचं पोट वरनं चाललंय. आतापर्यंत डोंगराकडनं मारत होतं. घटकाभरानं उलटं येईल, दर्याकडनं. नि पहिल्यापेक्षा वंगाळ."

त्यानं अडसर काढला आणि बाहेर धावला. बाबा काठी टेकत मागून आले.

टेकडीच्या टोकावरून खाडीपलीकडचं कातळबंदर सगळं दिसतं. हाक पोचत नाही, पण तांडेलाच्या डोळ्याला माणूस ओळखू येतो. आज बंदर ओळखू येत नव्हतं. शाळेचे पत्रे उडाले होते. माडांच्या रांगेत मधले मधले माड नव्हते. देवळाशेजारची दोन घरं भुईसपाट झाली होती.

हरेश्वर एकेक घर मोजत किनाऱ्यानं नजर पुढे नेत होता. पण आपल्या घरापाशी नजर येईना. तिथे पोचायच्या आधीच ती थबकायची, मागे फिरायची.

"बघ," बाबा म्हणाले.

त्यानं बघितलं.

छप्पर होतं. आख्खं. छपरावर जाळं पसरलेलं, जाळ्यावरून आडवे उभे दोर गेलेले, दोरांच्या टोकांना दगड लोंबत होते. आणि आढ्यावर कासोटा घालून हिरव्या लुगड्यातली एक बाई बसली होती.

"मथुरा..."

हरेश्वर मटकन खाली बसला आणि ढसाढसा रडला. परसात आये दिसली, काठीनं कोणाला तरी काम सांगणारी. पोरं दगड आणून देत होती. चौघंही होती. त्यानं पुन्हा मोजलं. चौघं.

"बघा बाबा!" तो उठून ओरडला. "बघा, कशी बसलीय! बंदरात आहे का कोणाची छाती? माझी बायको हाय ती!"

"हो," बाबा म्हणाले.

मग हरेश्वराच्या कपाळावर आठी पडली.

"दोर कुठनं आणला?"

त्यानं करगोट्याची किल्ली चाचपली.

"किल्ली तर माझ्याकडं." त्यानं डोळे बारीक केले. "बाबा... तो माझाच दोर. निळ्या धाग्याचा. शेजारच्या घरावरपण तोच. त्याच्या पलीकडंपण! कुलूप फोडलं हिनं. पितळी कुलूप होतं!"

"पाच छपरं दिसतात मला," बाबा म्हणाले. "माझी नजर कमी आहे. जास्त असतील."

हरेश्वरानं मोजली. सात होती. त्याचा दोर, सात घरांवर. त्याला काय वाटावं, ते ठरेना. छाती फुगत होती आणि काहीतरी टोचतही होतं.

एवढ्यात त्याला दुसरीच धडकी भरली.

"तिला ठाऊक नाय! वारा आता दर्याकडनं येणार. त्या अंगाला दगड दुप्पट लागतील. मथुरे! ए मथुरे! दर्याच्या अंगाला!"

हाक खाडीच्या मध्यावरच विरली. त्यानं हात नाचवले, टॉवेल फिरवला.

मथुरा आपल्या कामात होती. आढ्यावरून ती समुद्राच्या अंगाला उतरली आणि पोरांनी वर दिलेले दगड एकापाठोपाठ एक तिकडच्याच दोरांना बांधू लागली.

हरेश्वराचा हात वरच राहिला.

"हे तिला कोणी शिकवलं?"

"तू जेवताना बोलतोस?" बाबांनी विचारलं.

"म्हणजे? तांडेल बोलणारच. कुठला वारा, कुठला बांध, कसं मी बोट वाचवली..."

"आणि ती?"

"ती काय? ती वाढते."



समुद्राच्या कडेला आभाळ पुन्हा काळवंडत होतं. पाण्यावरून एक पांढरी रेघ इकडे सरकत होती. हरेश्वराला ती दिसली. मथुरेलाही दिसली असावी, कारण तिनं हातातली गाठ ओढून मान वर केली.

तेव्हा तिला टेकडीच्या टोकावर उघड्यावर उभी असलेली दोन माणसं दिसली.

ती छपरावर सरळ उभी राहिली. डोळ्यांवर हात धरून तिनं नीट निरखलं. दोन्ही हात छातीशी नेले, क्षणभर तशीच राहिली. आणि मग कोंबड्या खुराड्यात हाकलाव्यात तसे दोन्ही हात तिनं त्याच्याकडे झाडले. एकदा. पुन्हा एकदा, जोरात.

हरेश्वराचं तोंड उघडंच पडलं.

"बाबा... ती मला आत जा म्हणते."

"दिसतंय."

"मला! तेवीस वर्षं दर्या कोळून प्यालोय मी. मला सांगते, आत जा?"

पहिली झुळूक आली. गार, खारी, समुद्राकडून.

बाबा काठी टेकत खोलीकडे वळले.

"मग जा ना आत," ते म्हणाले. "तिला अजून बरंच बांधायचंय."