तीन पडदे, एक खुर्ची

“तिन्हींपैकी कुठल्या पडद्यासमोर बसू, चाचा?”

“वाटेल त्या.”

“असं कसं! काही नियम असेल ना?”

“पुण्याहून कॉम्प्युटरचं सर्टिफिकेट आणलंस ना? त्याला विचार.”

हेरंब खजील झाला. आज त्याची परीक्षाच होती. एकट्याने तिकिटांचं मशीन उठवलं, म्हणजे चालू करून कामाला लावलं, तर तिकीट कचेरीतली ही मशीनची खोली उद्यापासून त्याची. नाहीतर दुसरा कोणी येणार. पंचवीस वर्षं रोज सकाळी मशीन उठवणारे बाबूमियाँ चाचा आज रिटायर होत होते.

मशीन कसलं, चार लोखंडी कपाटंच ती, आणि त्यांना जोडलेले तीन पडदे. पण त्याची एक खोड होती बरं का. चालू केलं की ते आधी मुकाट राहायचं. मग ज्या पडद्यापुढचं बटण सर्वांत आधी दाबलं जाईल, तोच त्या दिवसाचा मुख्य. मशीन विचारणार तिथेच, ऐकणार तिथलंच.

हेरंबने मशीन चालू केलं. पहिल्या पडद्यापुढचं बटण दाबलं.

काळोख...

दुसऱ्याचं दाबलं. मग खोलीच्या पार टोकाला तिसरा पडदा होता, तिकडे धावला. तिथे बसून एकामागून एक हुकूम टाइप करत सुटला. पडदा काळा तो काळाच.

बाहेर खिडकीवर माणसं खोळंबली होती. “अहो, आत माणसं आहेत की पुतळे?”

“मेलंय हे, चाचा! इंजिनिअरला बोलवा.”

चाचा उठले. मशीन बंद केलं, पुन्हा चालू केलं. मग दोन खुर्च्या दोन हातांत उचलल्या आणि दाराबाहेर नेऊन ठेवल्या. उरलेली एक पहिल्या पडद्यापुढे सरकवली.

“बस. एकदाच दाब.”

हेरंबने दाबलं.

काळोख...

बाहेर ओरडा वाढला. तो अर्धवट उठला. चाचांनी नुसतं पाहिलं. तो खाली बसला.

कितीतरी वेळाने एक हिरवी ओळ उमटली. मशीन विचारत होतं, आजची तारीख हीच ना?

त्याने उत्तर दिलं. भराभर ओळी धावू लागल्या. बाहेर खिडकी उघडली, गलका शमला.

चाचांनी डोक्यावर टोपी चढवली. खोलीची किल्ली हेरंबपुढे ठेवली.

त्याने ती उचलली नाही.

“चाचा... मघाशी ते काहीच का बोललं नाही?”

“बोललं होतं, बेटा. तू उठून गेला होतास.”