टॉवेलांची पारख

मुंबईतलं कुठलं पंचतारांकित हॉटेल कसं आहे, ते अच्युतराव प्रभुदेसायांनाच विचारावं! जेवण उरकून हात पुसणाऱ्या नव्या व्याह्यांपुढे त्यांची हीच तुलना रंगली होती. तेवढ्यात लाँड्रीवाला सोपान कपड्यांचं गाठोडं घेऊन आला.

"काय रे सोपान, 'राजविलास' चांगलं की 'सागरमहाल'?" अच्युतरावांनी हसत विचारलं. "का पायरीसुद्धा चढला नाहीस कधी?"

"नाही चढलो, साहेब," सोपान शांतपणे म्हणाला. "पण तुमच्याकडचा 'राजविलास'चा टॉवेल चार धुण्यांत विरला. 'सागरमहाल'चे सहाही अजून मऊ आहेत."

अच्युतरावांची मान खाली गेली. धरणी पोटात घेईल तर बरं, असं त्यांना झालं.

व्याह्यांनी हातातल्या टॉवेलचा कोपरा उलटून नाव वाचलं आणि नीट घडी घालून तो अच्युतरावांच्या मांडीवर ठेवला.