मागच्या बॅटरीचा फ्यूज

“...मग आता ऱ्हायलं काय, उस्ताद?”

शशिकांतने हे तिसऱ्यांदा विचारलं होतं.

इलाही उस्तादांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला.

म्हसवडला स्टँडच्या मागे इलाही मुलाणींचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. मी माझ्या मोटरसायकलचा हॉर्न दाखवायला गेलो होतो. दोन तास झाले तरी त्या हॉर्नकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. मला राग आला होता, आणि राग आला की मी उठून जात नाही, हट्टाने बसून राहतो. म्हणून हे सगळं ऐकायला मिळालं.

शशिकांत खोमणे आठ वर्षं उस्तादांच्या हाताखाली होता. येत्या गुरुवारी दहिवडीला त्याचं स्वतःचं दुकान सुरू व्हायचं होतं. गाळा घेऊन झाला होता, पाटी रंगवून झाली होती. फक्त उस्तादांनी ‘जा’ म्हणायचं बाकी होतं.

या दुकानातून आजवर सहा जण शिकून बाहेर पडले. एकही जण उस्तादांनी ‘जा’ म्हटल्याशिवाय गेला नाही. तसा नियम कुठे लिहिलेला नाही. पण तसा कुणी गेला असता, तर दहिवडीच्या रस्त्यावरच्या एकाही ड्रायव्हरने त्याला गाडी दाखवली नसती.

शशिकांतचा हात चांगला होता, हे गावच म्हणायचं. त्याला खोड एकच. त्याचं नेहमी बरोबर असायचं.

समोर उभी होती ती पिकअप डॉक्टर वनिता काळेल यांची. बाई जनावरांच्या डॉक्टर. माळामाळाने फिरून मेंढ्यांना लस टोचतात. लस गार ठेवायला पिकअपच्या हौद्यात एक छोटा फ्रिज बसवलेला आहे. गेल्या महिन्यात वरकुट्याच्या माळावर त्या फ्रिजने गाडीची बॅटरी पार संपवली. गाडी सेल्फ घेईना. शेवटी चार मेंढपाळांनी धक्का मारून गाडी चालू करून दिली.

म्हणून आता गाडीला दुसरी बॅटरी.

आणि हे काम उस्तादांनी सबंध शशिकांतवर सोडलं होतं. दोन दिवस ते फिरकले नाहीत. एक पानासुद्धा उचलून दिला नाही.

“नीट सांगा हो मला,” डॉक्टरबाई शशिकांतला म्हणाल्या. “माळावर मी एकटी असते.”

शशिकांत खुलला. सांगायला त्याला फार आवडतं.

“सोपं हाय, मॅडम. पुढची बॅटरी फक्त गाडी चालू करायला. मागं हौद्यात बसवली ती फक्त फ्रिजला. मधी हा रिले. इंजिन चालू झालं की रिले दोघींना जोडतो, मागची भरत जाती. इंजिन बंद केलं की रिले दोघींना तोडतो. मग फ्रिजनं मागची रिकामी केली तरी पुढचीला त्याचा पत्ता न्हाई. गाडी सेल्फ घेणार म्हंजे घेणार.”

“म्हणजे पुढची देणार आणि मागची घेणार.”

“बरोब्बर! मागचीनं निस्तं घ्यायचं.”

उस्ताद स्टुलावरून उठले.

सकाळपासून ते पहिल्यांदाच उठले होते, त्यामुळे मीही पुढे सरकून बसलो.

ते गाडीपाशी गेले. उघड्या बॉनेटमधून आत पाहिलं. मग केबल धरून वाकत वाकत पुढून मागे गेले. केबलवर काळं कव्हर होतं, दर वीतभरावर पट्टी बांधलेली होती, पत्र्यातून जाते तिथे रबर बसवलेलं होतं. मला त्यातलं काही कळत नाही, पण काम देखणं होतं.

“कुठनं नेलीस ही?”

“चासीच्या आतल्या अंगानं. डिझेलच्या टाकीच्या वरनं.”

“घासंल का?”

“घासायची न्हाई, उस्ताद. आणि घासलीच, तर फ्यूज हाय की. उडंल, केबल मरंल, विषय संपला.”

“कुठाय फ्यूज?”

“हा काय, पुढच्या बॅटरीपासनं वीतभरावर. तुम्हीच सांगता न्हवं, फ्यूज बॅटरीला जितका चिकटून तितका चांगला.”

“ब्येस.”

शशिकांतने माझ्याकडे पाहून भुवया उडवल्या. माझी त्याची काही ओळख नव्हती, पण अशा वेळी माणसाला कुणीतरी बघणारं लागतं.

“मग जाऊ ना गुरुवारी?”

“मॅडम,” उस्ताद म्हणाले, “इंजिन चालू करा. आणि मग बंद करा.”

इंजिन चालू झालं. बॉनेटखाली रिले टक् वाजला. दोन मिनिटं गाडी चालली. मग बाईंनी किल्ली फिरवली, आणि थोड्या वेळाने रिले पुन्हा टक् वाजला.

“तोडलं त्यानं?”

“तोडलं,” शशिकांत म्हणाला.

उस्तादांनी पाना घेतला. रिलेपासून मागे जाणारी केबल त्यांनी रिलेच्या बोल्टवरून सोडवली आणि तिचं मोकळं टोक शशिकांतच्या हातात दिलं.

“ही जिवंत का मेलेली?”

शशिकांत हसला. आठ वर्षं काम केलेल्या माणसाला असलं काही विचारायचं, तेही गिऱ्हाइकासमोर... त्याला ते लागलं असावं.

“मेलेली, उस्ताद. इंजिन बंद. रिलेनं तोडलंय. वर तुम्ही ती सोडवलीत पण. हिच्यात वीज येणार कुठनं?”

“मग लाव बॉडीला.”

“लावतो की.”

त्याने खरंच हात पुढे केला. टोक पत्र्यापासून दोन बोटांवर आलं असेल, तेवढ्यात उस्तादांनी त्याचं मनगट धरलं.

त्यांच्या दुसऱ्या हातात टेस्टिंगचा बल्ब होता. साधा, हेडलाइटमधून काढलेला, दोन वायरी जोडलेला. त्यांनी एक वायर गाडीच्या बॉडीला चिमट्याने अडकवली आणि दुसरी त्या केबलच्या टोकाला टेकवली.

बल्ब लागला.

भर उन्हात डोळ्यांना त्रास होईल इतका लख्ख लागला.

शशिकांत बल्बकडे पाहत होता. मग त्याची नजर केबलवरून सरकत सरकत मागे हौद्यापर्यंत गेली आणि तिथेच थांबली.

“...मागनं,” तो म्हणाला.

“मागची निस्ती घेणारी न्हवं?”

“भरलीय ती आता. काल इंजिन चालवून मीच भरली.”

“टाकीपाशी केबल घासली तर?”

“पुढचा फ्यूज उडंल.”

“आणि मागनं येतंय ते?”

“मागं... मागं फ्यूजच न्हाई, उस्ताद. त्याला अडवायला कोण न्हाई. केबल लाल हुईल. पेटंल.”

डॉक्टरबाईंनी गाडीवर टेकवलेला हात काढून घेतला.

“म्हणजे मी त्या टाकीशेजारी बसून माळावर जाणार होते,” त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. रागावल्या असत्या तर शशिकांतला सोपं गेलं असतं. त्याची मान जी खाली गेली ती बराच वेळ वर आली नाही, आणि सकाळपासून त्याच्यावर मनातल्या मनात चिडलेल्या मलाही त्याचं वाईट वाटलं.

“आणली तवा रिकामी होती ती,” तो हळूच म्हणाला. “भरायची वस्तू म्हणूनच मी ती बसवली. ती पण बॅटरीच हाय, हे ध्यानातच आलं न्हाई.”

“हं.”

एवढंच. उस्ताद परत स्टुलावर जाऊन बसले.

शशिकांतने आधी मागच्या बॅटरीचं टोक सोडवलं. मग फळीवरून दुसरा मोठा फ्यूज काढला, हौद्यात चढला आणि मागच्या बॅटरीपासून चार बोटांवर बसवला. केबल पुन्हा जोडली. फ्यूज काढून बल्ब लावून पाहिला, बल्ब लागला नाही. फ्यूज घालून पाहिला, लागला. वीसेक मिनिटं गेली असतील. या वेळात तो एक शब्द बोलला नाही, ही त्या दुकानात नवलाची गोष्ट होती.

खाली उतरून तो उस्तादांसमोर उभा राहिला. हात पुसले. गुरुवारचं नाव काढलं नाही.

“उस्ताद, अजून वरीसभर ऱ्हातो मी.”

“कशापायी?”

“कच्चा हाय मी.”

“काम कच्चं न्हाई तुझं.”

“मग?”

“काम झाल्यावर कुणाला दावलंस?”

शशिकांत गोंधळला. “कुणाला दावणार? तुम्ही दोन दिवस आला न्हाईत. बाकी इथं ज्याला माझ्यापरास जास्त कळतंय असं हाय कोण?”

“मी माझं काम झालं की कुणाला दावतो?”

“तुम्ही? तुम्ही कशाला कुणाला...”

तो मधेच थांबला.

“...मला दावता.”

“कवापासनं?”

“पैल्या दिवसापासनं.” शशिकांत आठवत आठवत बोलू लागला. “मला प्लस-मायनस कळत नव्हतं तवापासनं. गाडी झाली की हाक मारायचात, ‘शशिकांत, बघ रं, काय ऱ्हायलंय का.’ मी आपलं उगं वाकून बघायचो. तुम्ही मला शिकवायला बोलावता, म्हायती होतं की मला.”

“गोंदवल्याच्या ट्रॅक्टरचं ध्यानात हाय?”

“हाय की!” शशिकांतचा चेहरा जरा उजळला. तो आमच्याकडे वळला. “तिसरा महिना होता माझा. उस्तादांनी अर्थिंगचा बोल्ट ढिला ठेवला होता, माझी पारख करायला. मी बरोबर पकडला. उस्ताद काय बोलले न्हाईत, पण त्या दिवशी मला कळलं, ह्या धंद्यात मी...”

“शशिकांत.”

“जी.”

“मुद्दाम न्हवता ठेवला.”

“ऱ्हायला होता,” उस्ताद म्हणाले. “इसरलो होतो मी.”

बाहेर एक एसटी आली, उभी राहिली, माणसं उतरली, गेली. शशिकांत तसाच उभा होता. आठ वर्षं त्याने ती गोष्ट किती जणांना सांगितली असेल, कोण जाणे. माझ्यासारख्या परक्या माणसालासुद्धा ती त्याने आत्ताच सांगून टाकली होती.

“...आणि ते जीपचं? दोन वायरींची अदलाबदल?”

“ते पण.”

“आणि गेल्या पावसाळ्यातला टेंपो?”

“ते पण.”

“सगळंच?”

उस्तादांनी मान हलवली. त्यात लाज नव्हती की मोठेपणा नव्हता. हॉर्न वाजत नाही हे मी त्यांना जसं सकाळी सांगितलं होतं, तसंच त्यांनी हे सांगितलं.

शशिकांत खाली बसला. तिथेच, स्टुलापाशी, जमिनीवर. डोळे भरले होते ते त्याने लपवले नाहीत.

डॉक्टरबाईंना निघायला हवं होतं. फ्रिजमध्ये लस होती आणि माळावर मेंढ्या अडवून ठेवलेल्या होत्या. तरी त्या थांबल्या.

शशिकांतने वर पाहिलं. आता तो उस्तादांच्या चष्म्याकडे पाहत होता. काचा जाड होत्या. त्या आठ वर्षांत दोनदा बदलल्या होत्या, आणि दोन्ही वेळा चष्मेवाल्याकडे उस्तादांना तोच घेऊन गेला होता, असं त्याने मला नंतर सांगितलं.

“उस्ताद...”

“बोल.”

“मी गेल्यावर तुमचं काम कोण बघणार?”

उस्तादांनी चष्मा काढला. पुसला नाही. तसाच हातात धरून बसले.

“हां,” ते म्हणाले. “आता जा.”