साफ केलेल्या फिती

"…आणि त्या फितीत मध्येच सगळं थांबतं. ते मौन कुठून आलं, दाजी?"

"वीज गेली होती."

सुमुख वैशंपायन किंचित हसला. मोठी माणसं अशीच उत्तरं देतात, असं त्याचं मत होतं.

वेंगुर्ल्याला बंदराच्या वरच्या अंगाला दाजी केळुसकरांचं घर. दाजी आयुष्यभर बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात यंत्रांवर होते. ती घरघर ऐकता ऐकता त्यांना तिची गोडी लागली. घरी येऊन ते पेटीचा एकच सूर दाबून धरत, तंबोरा छेडत, त्यात कारखान्यातून फितीवर भरून आणलेली घरघर मिसळत आणि सगळं टेपरेकॉर्डरवर घेत. पुढं फिती ब्लेडनं कापून एकमेकींना चिकटवायचा नाद लागला. ताल नाही, शब्द नाही. एक सूर लागतो आणि तसाच राहतो.

गावात ते कोणी ऐकत नसे. दाजींच्या पुतण्यानं त्यातले काही तुकडे इंटरनेटवर टाकले, आणि पुण्यात पाचपन्नास लोक कानाला हेडफोन लावून ऐकू लागले. त्यांत सुमुख सगळ्यांत पुढं. दाजींवर व्याख्यानं देऊन तो थोडाफार प्रसिद्धही झाला होता.

मागच्या दिवाळीत तो सगळ्या फिती ट्रंकेसकट मागून घेऊन गेला होता. आज परत आला. ट्रंक, लॅपटॉप, दोन स्पीकर आणि मनात एक इच्छा… दाजींनी आपल्याला शिष्य म्हणावं. पहिला, आणि जमलं तर एकमेव.

"फिती धड आहेत ना?" दाजींनी विचारलं.

"अगदी जशाच्या तशा. पण मी त्याहून मोठं काम केलंय."

"काय?"

"साफ केल्या. कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या आणि सगळी घाण काढली. कावळे, कुकरच्या शिट्ट्या, भांडी, खोकला… कोणी बाई सारखी मध्ये बोलते, तीही काढली. आता फक्त नाद उरलाय. शुद्ध."

दाजींनी मान हलवली. होकाराची की कसली, ते कळलं नाही.

"या रूपात त्या लोकांपुढं जायला हव्यात, दाजी. तुम्ही फक्त हो म्हणा."

"ऐकव."

सुमुखनं स्पीकर मांडले. बटण दाबलं.

सूर लागला. गुळगुळीत, लांबच लांब, कुठं खाच नाही की ठिपका नाही. सुमुखनं डोळे मिटले. मधेच एक डोळा उघडून पाहिलं, तर दाजी दाराकडं बघत होते. मग खिडकीकडं. मग वाकून खाटेखाली.

"काही हरवलंय का?"

"नाही."

सूर संपला.

"कसं वाटलं?"

"छान."

…

"घर रिकामं करून विकल्यासारखं," दाजी म्हणाले.

सुमुख थांबला. याचा अर्थ दाजी पुढं सांगतील असं त्याला वाटलं. दाजींनी तपकिरीची डबी काढली, चिमूट ओढली, शिंकले.

"काढलेलं कुठं आहे?"

"कचरा? एका फाइलमध्ये ठेवलाय. किती घाण निघाली, ते व्याख्यानात दाखवायला."

"लाव."

"त्यात काही नाही, दाजी. एकाला एक नुसतं चिकटलंय."

"लाव."

सुमुखनं नाइलाजानं लावलं.

कावळा. पितळेचं झाकण पडलं. कोणी म्हातारी खोकली. कुत्रं भुंकलं. कुकरची शिट्टी, तिच्या पाठोपाठ दुसऱ्या कुठल्या तरी वर्षातली शिट्टी. आणि मग एका बाईचा तरणा, खणखणीत आवाज.

"अवो, चाय निवली."

कोंबडी ओरडली.

"अवो, दार लावा. मांजर दुधार येता."

खुर्ची करकरली.

"झाला काय तुमचा ता घूं घूं? पाणी इला, भरून घेवा."

"इलंय, इलंय," स्वयंपाकघरातून कोणी तरी ओ दिली.

सुमुखनं चमकून वळून पाहिलं. हा आवाज स्पीकरमधला नव्हता.

दाजींच्या बायको, सुलोचनाकाकी, हातात डाव घेऊन दारात आल्या. केस पांढरे, कपाळावर पीठ.

"कोण हाक मारता माका?"

"तूच," दाजी म्हणाले.

काकी उभ्या राहिल्या. स्पीकरमधून पुन्हा त्यांचाच आवाज आला… कोणाला तरी शिव्या देत होता. बहुतेक कोंबड्यांना.

दाजींनी टेपरेकॉर्डर चालू केला की काकी परसात निघून जात. डोकं दुखतं म्हणत. उभ्या आयुष्यात नवऱ्याची एक फीत त्यांनी शेवटपर्यंत ऐकली नव्हती. दाजींनीही आग्रह करणं कधीच सोडून दिलं होतं.

आज काकी खाली बसल्या. डाव मांडीवर ठेवला.

"हो आमचो मोत्या," कुत्र्याचा आवाज आला तशा त्या म्हणाल्या.

म्हातारी पुन्हा खोकली. काकींनी डोक्यावरून पदर घेतला.

"आई गे… सासूबाई."

सुमुख कॉम्प्युटर बंद करायला वाकला. काकींनी डाव उगारला. तो परत बसला.

काकी कधी हसत होत्या, कधी मान डोलवत होत्या. एका जागी "हळद घातलंय काय मी?" असं स्पीकरनं विचारलं, तेव्हा त्यांनी "घातलंस, घातलंस" असं उत्तरही दिलं. दाजी स्पीकरकडं लक्ष न देता बायकोच्या तोंडाकडं बघत होते.

फाइल संपली.

"ह्या गाणा बरा आसा," काकी म्हणाल्या. "कोणी केला?"

दाजींनी बोट उचललं आणि सुमुखकडं केलं.

"मी?" सुमुख गडबडला. "नाही, काकी… मी फक्त घाण… म्हणजे, दाजींच्या फितींतून जे नको होतं ते…"

"शिका जरा त्याच्याकडसून," काकी नवऱ्याला म्हणाल्या. "एवढी वर्सां नुसता घूं घूं."

त्या उठल्या, डाव घेतला आणि आत गेल्या.

दाजींचा चेहरा जरा उतरला होता. बायकोनं एकदा तरी शेवटपर्यंत ऐकावं, एवढंच आयुष्यभर मनात होतं. आज तिनं ऐकलं, नि तेही दुसऱ्याचं.

सुमुखचे कान लाल झाले होते. ज्या कामाचा त्याला एवढा अभिमान होता, ते खोलीत कुणालाच नको होतं. आणि जे त्यानं फेकून दिलं होतं, त्यासाठी त्याच्यावर डाव उगारला गेला होता.

तो स्पीकरच्या वायरी गुंडाळत बसला.

"दाजी, त्या साफ केलेल्या फायलींचं काय करू?"

"तू सांग."

"पुसून टाकतो."

"नको. मेहनत केलीयस… पुतण्याला दे. त्याला हे घर विकायचंच आहे."

सुमुखला हसावं की नाही ते कळेना. दाजी स्वतःच हसायला लागले, मग खोकायला लागले. सुमुखनं त्यांना पाणी दिलं. उतरलेला चेहरा आता जरा बरा दिसत होता.

मग तो खुर्चीवरून उठून खाली, दाजींच्या समोर जमिनीवर बसला. येताना गाडीत एक लांबलचक वाक्य तयार केलं होतं, त्यातला एक शब्द आठवेना.

"मला शिकवाल?" एवढंच तो म्हणाला.

दाजी डोळे मिटून बसून राहिले.

आतून तळलेल्या बांगड्याचा वास आला. ताटं मांडल्याचा आवाज झाला.

"अवो, जेवूक येवा."

आवाज आता जाडसर, थोडा फाटका झाला होता.

सुमुख सकाळपासून उपाशी होता. तो चटकन उठला.

दाजींनी त्याच्या सदऱ्याचं टोक धरलं आणि त्याला खाली बसवलं.

"काकी बोलावतायत, दाजी."

"ऐकलं."

"मग…?"

"गप्प बस. अजून एकदा हाक मारू दे तिला."