अंड्यांच्या खोलीचं दार

फार मागं, बाभळीच्या बुडाशी एक वारूळ होतं. धान्याची खोली वेगळी, अंड्यांची वेगळी, आणि दर दारावर वास घेऊनच आत सोडणारा पहारेकरी. अंडी सांभाळणाऱ्या साळू मुंगीचा सगळा जीव आपल्या दारात असे.

धान्य वाहणाऱ्या मुंग्या कुरकुरल्या, "दर दाराला थांबायचं, तर कोठार कधी भरायचं?" म्हणून पहाऱ्याचा म्होरक्या भिवा मुंगळा यानं आतले सगळे पहारे उठवून वारुळाच्या मोठ्या दारावर आणले.

"भिवादादा, माझ्या दारावर एक तरी ठेवा," साळू काकुळतीला आली.

"अगं, मोठ्या दारातून आला तो आपलाच की! तुझ्या मनात सदा पाल चुकचुकते."

एक भुंगेरा बाहेर टाकलेल्या कोंड्यात लोळून, वारुळाचा वास अंगाला लावून आला. "धान्याचा हमाल दिसतोय," म्हणत भिवानं त्याला आत सोडलं. भुंगेरा धान्याकडे वळलाच नाही.

साळू दवाचा थेंब घेऊन परतली, तर खोलीत अंड्यांचे नुसते पापुद्रे पडलेले.

भिवा धावत आला. "पण मी त्याला धान्यापुरतंच सोडलं होतं गं!"

"हो दादा," साळू म्हणाली, "पण हे त्याला आत कुणी सांगायचं होतं?"