डोहाची राखण

त्या रानात पाण्याचा डोह एकच होता, आणि तिथे प्यायला गेलेला परत येईलच याची खात्री कोणी देत नसे. डोहाची राखण मगरीकडे होती. वाघाने तिला नेमले होते आणि तिच्या शिकारीतला वाटा त्याच्या गुहेत पोहोचत असे. तक्रार न्यायची तर वाघाकडेच न्यावी लागे, म्हणून कोणी नेत नसे.

वाघाची मुदत संपली तेव्हा रानाने सभा भरवून थोरल्या हत्तिणीला निवडले. निवड झाली तरी धास्ती गेली नाही. हत्तींचा कळप मोठा होता. आता सगळ्या जागा हत्तींनाच मिळणार आणि डोहाचा चिखल होणार, असे हरणे आपसांत बोलत होती.

पहिली नेमणूक टेहळणीची होती. ती टिटवीला मिळाली. भर सभेत हत्तिणीच्या विरोधात सर्वांत मोठ्याने ओरडली होती ती हीच टिटवी. तिला वाटले, आपली थट्टा चालली आहे.

"मला पाहूनही तुझा आवाज बसला नाही," हत्तीण म्हणाली, "धोका दिसला तर तो बसायला नको."

डोहाची जागा आपलीच, असे हत्तिणीची धाकटी बहीण धरून चालली होती. हत्तिणीने मात्र पाणमांजरीला बोलावले. तिचा जोडीदार मगरीने नेला होता, तरी ती डोह सोडून गेली नव्हती. तिने लगेच होकार दिला नाही.

"मी घालीन तो नियम तुलाही लागू होईल," ती म्हणाली. "चालणार असेल तर सांग."

"चालेल," हत्तीण म्हणाली. "पण तशी वेळ येईल तेव्हा कचरू नकोस."

दुसऱ्या दिवशी पाणमांजरांची सगळी टोळी पाण्यात उतरली आणि काठावर हत्ती उभे राहिले. मगरीने दोन्हीकडे पाहिले. मग ती डोहातून निघणाऱ्या ओढ्याने खाली निघून गेली. त्या दिवशी हरणे पोटभर प्यायली आणि पिऊन झाल्यावरही बराच वेळ काठावरच रेंगाळली.

पुढे उन्हाळा कडक झाला. डोह आटत चालला तसा पाणमांजरीने नियम केला. लेकरांनी आधी प्यावे आणि बाकीच्यांनी आले त्या क्रमाने रांग धरावी. एका दुपारी धाकटी हत्तीण आपल्या पिल्लाला घेऊन थेट पाण्याशी आली.

"पिल्लाला पिऊ दे," पाणमांजर म्हणाली. "तू रांगेत थांब."

"मी कोण आहे, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. म्हणूनच मोठ्याने सांगितलं नाही."

धाकटी तरातरा बहिणीकडे गेली. तुझ्याच राज्यात तुझ्या बहिणीला अडवतात, हे तिने सगळ्या कळपासमोर सांगितले. थोरली ऐकून घेत राहिली. सकाळपासून तिनेही पाणी घेतले नव्हते. मग ती डोहाकडे निघाली.

तिला येताना पाहून रांग विस्कटली. हरणे झुडपांत शिरली, सशांनी बिळे गाठली; रांगेच्या टोकाचे साळिंदर तेवढे काटे उभारून जागीच आखडले. जुने दिवस परत आले, असेच सर्वांना वाटले. पाणमांजर एकटीच वाटेत उभी राहिली. ती बाजूला झाली नाही.

हत्तीण तिच्यापाशी येऊन थांबली. सोंड लांबवली असती तर पाणी हाताशी होते.

"रांग कुठे संपते?" तिने विचारले.

पाणमांजरीने मान वळवून रांगेचे टोक दाखवले. "त्या साळिंदराच्या मागे."

हत्तीण वळली. झुडपांतून माना बाहेर आल्या. एकेक करून सगळे आपापल्या जागी परतले आणि रांग पुन्हा पुढे सरकू लागली. साळिंदराची पाळी आली तेव्हा ते सवयीने अंग चोरून घाईघाईत प्यायले. मग त्याने मागे वळून पाहिले. हत्तीण कान हलवत आपल्या पाळीची वाट पाहत होती. साळिंदराने उभारलेले काटे मिटवले आणि पुन्हा तोंड पाण्याला लावले, या वेळी अगदी सावकाश.